म्हातारं माणूस जेवलं का?



मागे आम्ही एका वाडीत वर्ग घ्यायला गेलो होतो. तिन्हीसांजेची वेळ. घरोघरी चुली पेटल्या होत्या. एका घरात मात्र अंधार होता. ओटीवर एक आजी बसली होती. आम्ही विचारलं, "आजी, जेवण झालं का?"

"भूक नाय गो बाय," आजी म्हणाली.

आमच्यातली एक बाई पाणी घ्यायला आत गेली. चूल थंड होती. तांदळाचा डबा रिकामा होता.

आजीचा मुलगा मुंबईला. कधी पैसे धाडतो, कधी धाडत नाही. त्याला तरी काय बोलावं? तिकडे खोलीचं भाडं त्यालाही चुकत नाही. पण आजी शेजारी मागायला जाईना. आयुष्यभर जिने दुसऱ्यांना वाढलं, तिला मागताना लाज वाटते.

हे एका घरचं दुखणं नाही. २००१ साली आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात सुमारे १६ लाख ९७ हजार माणसं होती. २०११ च्या शिरगणतीत ती १६ लाख १५ हजार भरली. दर हजार पुरुषांमागे बाया ११२२. कमावती माणसं बाहेर गेली. घर राखायला म्हातारी माणसं राहिली.

तुम्ही म्हणाल, रेशन आहे की! आहे, आणि तो आपला हक्क आहे. २०१३ साली अन्न सुरक्षेचा कायदा झाला. त्यात बसणाऱ्या घराला दर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. साठीच्या पुढच्या, कसलाच आधार नसलेल्या माणसाला अंत्योदयात घेता येतं. पासष्टीच्या पुढच्या गरीब माणसाला श्रावणबाळ योजनेत दरमहा १५०० रुपये मिळतात. त्याचा अर्ज तहसील कचेरीत करायचा.

मग आजीचा डबा रिकामा का? दुकान घाटीच्या खाली. उतरताना गुडघे दुखतात, चढताना डोक्यावर ओझं. तिथे यंत्रावर अंगठा लावायचा. भात लावून, भांडी घासून बोटांच्या रेघाच पुसल्या, यंत्र ठसा ओळखत नाही. ठसा उमटला नाही म्हणून धान्य नाकारू नये, असं केंद्र सरकारने राज्यांना कळवलेलं आहे. पण ते आजीला कोण सांगणार? तिच्याबरोबर एका शिकलेल्या माणसाने जायला हवं. तुम्ही आता वाचू लागलात. तुम्हीच जा.

आणि रेशन येईपर्यंत काय? त्यासाठी वाडीचं मडकं.

ही युक्ती नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. गरिबांच्या मुलांच्या जेवणासाठी घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा होई. त्याला मुष्टिफंड म्हणत. मुलांसाठी जे झालं ते म्हाताऱ्यांसाठीही होईल.

हिशेब करून पाहू. मूठभर तांदूळ म्हणजे धरा ४० ग्रॅम. वाडीत ३० घरं. रोज स्वयंपाकाआधी प्रत्येकीने एक मूठ बाजूला टाकली, तर दिवसाला १२०० ग्रॅम, महिन्याला ३६ किलो. तीन म्हाताऱ्या माणसांचं महिन्याचं पोट भरतं. तांदळाबरोबर थोडे कुळीथ, मीठ, तेलही लागतं. नुसत्या भाताने अंगात ताकद येत नाही. ज्याला दात नाहीत त्याला पेज हवी, मऊ भात हवा. ज्याला चूल फुंकवत नाही त्याला शिजवलेलंच न्यावं.

पण एक गोष्ट नीट ऐका. फिलिपाईन्स देशात एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दिवसांत, केझॉन सिटीच्या एका रस्त्यावर कुणी धान्य-भाजीची गाडी ठेवली. ज्याला जमेल त्याने ठेवावं, लागेल त्याने न्यावं. बघता बघता देशभर तशा गाड्या झाल्या. फार चांगलं काम. पण त्याच महिन्यात, त्याच शहरात, अशाच एका वाटपाला मोठी गर्दी उसळली. रांगेतला ६७ वर्षांचा एक माणूस कोसळला आणि मेला. देणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तरी म्हाताऱ्याला रांगेत उभं राहावं लागलं.

म्हणून मडकं देवळात ठेवा नाहीतर शाळेत, पण म्हाताऱ्याला तिथे बोलावू नका. आपणच घरी नेऊन द्या. आणि देताना फोटो कशाला काढायचा? कुणाला किती दिलं ते चावडीवर वाचायचंही कारण नाही. वही ठेवा, ती दोघांनीच बघावी.

त्या आजीकडे पहिल्यांदा तांदूळ नेले, तेव्हा ती घेईना. "मी काय भिकारीण हाय?" म्हणाली. वर्गातली एक मुलगी हुशार. ती म्हणाली, "आजी, परड्यात तुमचं रातांबीचं झाड आहे. मडक्याला आमसुलं कोण देणार?" तेव्हा आजीने पिशवी आत नेली.

आता महिन्याच्या महिन्याला ती आमसुलांची पुडी बांधून ठेवते. मागच्या खेपेस मुलगी दारात पोचली, तर आजी तिला बसू देईना. म्हणाली, "वरच्या घरातला म्हातारा दोन दिस दिसला नाय. आधी तकडं जा."