ओझे ओळखणारा प्राणी

लामा हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांसमोर तिबेटातील मठवासी भिक्षू उभा राहतो. आज मी ज्या लामाविषयी बोलणार आहे तो मात्र चतुष्पाद असून दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उंच पठारांवर राहतो. नावांचे साम्य हा निव्वळ योगायोग होय.

लामा हा उंटाचा भाऊबंद. उंटाचे कुळ मूळचे उत्तर अमेरिकेतले. त्याची एक शाखा आशियात आली, दुसरी दक्षिणेकडे उतरली आणि मूळचे घर हिमयुगाच्या अखेरीस ओस पडले. दक्षिणेकडील शाखेतल्या ग्वानाको नावाच्या रानटी प्राण्याला माणसाळवून अँडीजवासीयांनी काही सहस्र वर्षांपूर्वी लामा सिद्ध केला. त्याला वशिंड नाही. पण जेथे आपल्याला चार पावलांत धाप लागेल अशा 4000 मीटर उंचीवर तो सहज चालतो. कारण विरळ हवेतील प्राणवायू धरून ठेवण्याची शक्ती त्याच्या रक्तात विशेष आहे.

त्याच्या पाठीवर ओझे किती मावते? अवघे 25 ते 30 किलो. आपल्या बैलापुढे हे बळ ते काय! तरीही घोडा, बैल वा चाकाची गाडी यांपैकी काहीही नसताना इंका लोकांनी जे विशाल साम्राज्य चालविले, त्याची मालवाहतूक माणसाच्या आणि लामाच्याच पाठीवर होत असे. त्याच्या लोकरीचे दोर आणि गोण्या, त्याचे मांस वाळवून वाटेची शिदोरी, वृक्षहीन पठारावर त्याच्या लेंड्यांचे सरपण आणि बटाट्याच्या शेताला त्यांचेच खत! बटाटा हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाला. पीक मात्र याच अँडीजचे. आपल्या ताटातील भाजीचे हे जुने ऋण फार थोड्यांना ठाऊक असेल.

लामाचा एक स्वभाव मात्र प्रसिद्ध आहे. पाठीवर अधिक भार पडला की तो खाली बसतो. मारले, ओढले तरी उठत नाही. फारच छळले तर थुंकतो. परके लोक याला हट्ट म्हणतात. अँडीजचा मेंढपाळ त्याला हट्ट म्हणत नाही. तो एकावर भार न लादता अनेकांवर थोडा थोडा वाटून देतो आणि सणाच्या दिवशी त्यांच्या कानांत रंगीत लोकरीचे गोंडे बांधतो. आकाशगंगेतील काळ्या पट्ट्यातही त्या लोकांना लामाच दिसतो. सतराव्या शतकाच्या आरंभी केचुआ भाषेत लिहिलेल्या वारोचिरीच्या हस्तलिखितात तर अशी कथा आहे, की समुद्र खवळून जग बुडणार हे एका लामाने धन्याला आधी सांगितले आणि त्याला पर्वतावर नेऊन वाचविले. मनूला सावध करणाऱ्या मत्स्याची आठवण येथे कोणाला होणार नाही?

1532 मध्ये पिझारो पेरूत उतरला. 1545 मध्ये पोतोसीच्या डोंगरात रुप्याची खाण सापडली आणि खनिज वाहण्यासाठी लामांचे तांडेच्या तांडे त्या वाटेला लागले. कत्तल, रोगराई आणि परकी मेंढरे यांमुळे कळप झपाट्याने घटले. त्याच खाणींत गावोगावच्या माणसांनाही सक्तीने जुंपण्यात आले. लामाला निदान बसून राहता येत होते. माणसाला तेवढीही मुभा नव्हती.

आज त्या घाटांतून मालमोटारी धावतात आणि लामांचे तांडे विरळ झाले आहेत. तरी बोलिव्हिया आणि पेरूच्या पठारांवर अजून अनेक कुटुंबे लामांवरच जगतात. संयुक्त राष्ट्रसंघाने 2024 हे वर्ष उंटवर्गीय प्राण्यांचे वर्ष म्हणून पाळले, ते अशाच कुटुंबांकडे जगाचे लक्ष वेधण्यासाठी.

श्रोतेहो, भार वाहणारे प्राणी माणसाने पुष्कळ पाळले. परंतु भाराची मर्यादा स्वतः ठरविणारा, आणि ती मर्यादा धन्याकडून मान्य करवून घेणारा प्राणी विरळाच. एका समाजाने ती मर्यादा सहस्रावधी वर्षे पाळली आणि आपला संसार उभारला. आपणही कोणाच्या ना कोणाच्या पाठीवर ओझे ठेवीतच असतो. तो खाली बसण्यापूर्वी ते किती झाले हे पाहण्याची सवय आपल्याला लागली, तर या मुक्या प्राण्याची ओळख करून घेतल्याचे सार्थक होईल.