पदक आणि घड्याळ
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'खेळात आणि व्यवसायात जिंकण्याची वृत्ती' हा विषय दिला. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. खेळाडू नाही आणि उद्योजकही नाही. म्हणून आपल्याच भागातल्या माणसांबद्दल बोलते.

पहिला अविनाश साबळे. शेजारच्या बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. बारावीनंतर तो सैन्यात गेला आणि पुढे 3000 मीटर स्टीपलचेस धावू लागला. या शर्यतीत 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरची उडी. 2018 मध्ये भुवनेश्वरला त्याने 8 मिनिटे 29.80 सेकंदांची वेळ दिली आणि गोपाल सैनी यांचा 1981 चा राष्ट्रीय विक्रम मोडला.

आता पुढचे दोन आकडे नीट ऐका. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकला तो 8 मिनिटे 18.12 सेकंदांत धावला. नवा राष्ट्रीय विक्रम झाला, तरी अंतिम फेरी हुकली. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याला 8 मिनिटे 19.50 सेकंद लागले, म्हणजे टोकियोपेक्षा जास्तच. तिथे सुवर्णपदक मिळालं! मध्ये 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं सुवर्ण 0.05 सेकंदाने गेलं. इतक्यात आपली पापणीही लवत नाही.

पदक मिळणार की नाही, हे शेजारच्या रांगेत कोण धावतंय यावरही ठरतं. घड्याळातली वेळ मात्र आपली असते. साबळेने ती वेळ धरून ठेवली. जुलै 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तो 8 मिनिटे 09.91 सेकंदांवर आला. सहा वर्षांत जवळजवळ वीस सेकंद कमी. पुढच्याच महिन्यात ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तो अकरावा आला. ज्याला फक्त पदकं मोजायची आहेत, त्याला हा माणूस तिथे हरलेला दिसेल.

यशाचंही तसंच आहे. आपल्या जालन्याच्या विजय झोलने 2011 मध्ये कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद 451 धावा केल्या. तेव्हा आपण सगळ्यांनी छाती फुगवली. पण पुढच्या सामन्यात त्याचाही डाव शून्यापासूनच सुरू झाला.

आता व्यवसाय. 'जालना सोने का पालना' असं आपण म्हणतो, पण या पाळण्यात कष्टाने बियाणं आणणाऱ्या बद्रीनारायण बारवाल्यांना विसरून चालणार नाही. सुरुवातीला त्यांनी पुसा सावनी या भेंडीच्या वाणाचं बियाणं वाढवलं, 1964 मध्ये जालन्यात महिको सुरू केली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

बियाण्याचा धंदा अवघड का, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पिशवीतलं बी चांगलं की वाईट, हे नुसतं बघून कळत नाही. पेरल्यावर कळतं, आणि वाईट निघालं तर शेतकऱ्याचा हंगामच जातो. म्हणून पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून किती उगवले ते मोजतात. सीड प्लॉटमध्ये फुलोऱ्याआधी भेसळीची झाडं उपटून टाकतात. पाऊस आपल्या हातात नाही, भाव आपल्या हातात नाही. शंभरातले किती उगवले, एवढं मोजणं आपल्या हातात आहे. आणि साठ उगवले असतील तर नव्वद सांगायचे नाहीत.

माझ्या कामातही हेच पाहते. नवा प्रोग्रॅम ग्राहकाला देण्याआधी आम्ही शेकडो चाचण्या लावतो. ज्या टीममध्ये नापास चाचणी दाखवल्यावर ओरडा बसतो, तिथे लोक ती लपवायला शिकतात. मग ती चूक ग्राहकाकडे जाऊन फुटते. जिथे 'हे चालत नाहीये' असं कोणीही निर्धास्तपणे सांगू शकतं, त्या टीमचं काम वर्षभरात सुधारलेलं दिसतं.

हे सगळं आज इथे सांगायचं कारण आहे. या मेळाव्यासाठी फोन करताना आपल्यातला एक जण मला म्हणाला, "मी नाही येत गं. दुकान बंद पडलं. तिथं येऊन काय सांगू?" तो आला नाही. तसे आणखीही काही असतील. चाळिशी ओलांडल्यावर आपण एकमेकांना पगार, घर आणि मुलांच्या टक्केवारीवरून ओळखू लागलो, तर पुढच्या मेळाव्याला आणखी खुर्च्या रिकाम्या राहतील.

तेव्हा दोनच गोष्टी मागते. घरी मुलाचा निकाल लागला की 'कितवा आलास?' याआधी 'मागच्या वेळेपेक्षा काय जमलं, काय राहिलं?' हे विचारा. गुण लपवावेत असं त्याला वाटू देऊ नका. आणि जे आज आले नाहीत त्यांना या आठवड्यात एक फोन करा. धंद्याची चौकशी नंतर. आधी म्हणा, पुढच्या वेळी तुझी वाट बघतोय.

शाळेत प्रगतिपुस्तकावर आमच्या गुणांखाली 'प्रगती आहे' असं लिहिणाऱ्या सर्व शिक्षकांना नमस्कार करते आणि थांबते.