निवृत्तीची पुंजी आणि बाजाराची भरती-ओहोटी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या सभेत बँकांतील अधिकारी व हिशेबतपासनीस उपस्थित असता बाजारावर बोलण्यास कार्यकारिणीने आम्हांस उभे केले, याचे कारण आमचे ज्ञान नसून आमचे नुकसान होय. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेलो. सातवीच्या मुलांना शेकडेवारी शिकविण्यात आमची हयात गेली आणि त्याच शेकडेवारीत उतारवयी आम्ही नापास झालो.

2019 मध्ये आम्ही सेवानिवृत्त झालो. ग्रॅच्युइटी आणि विकलेल्या पेन्शनची रक्कम एकदम हाती आली. इतका पैसा एकत्र असा आम्ही जन्मात पाहिला नव्हता. त्यांतील आठ लाख रुपये एका परिचिताच्या सल्ल्याने शेअरांत पैसा गुंतविणाऱ्या म्युच्युअल फंडांत घातले. पुढील जानेवारीत सेन्सेक्स 42,000 च्या वर गेला, तेव्हा आपणांस अर्थशास्त्र समजू लागले असा आमचा समज झाला. मग करोनाची साथ आली. 23 मार्च 2020 रोजी निर्देशांक एकाच दिवसात 3,935 अंकांनी कोसळून 25,981 वर आला. दुसऱ्याच दिवशी आम्ही पुण्यास चिरंजीवांना फोन केला आणि सर्व युनिटे विकावयास लावली. पाच लाख वीस हजार हाती आले. त्यानंतरचा दिवस गुढीपाडव्याचा होता. गुढी उभारताना आमचे हात कापत होते.

सौभाग्यवतीस ही गोष्ट आम्ही सांगितली नाही. नोव्हेंबरात निर्देशांकाने जानेवारीची उंची ओलांडल्याची बातमी तिनेच वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचून दाखविली आणि विचारले, "म्हणजे आपलेही पैसे भरून आले असतील, नाही का हो?" बंधूंनो, पस्तीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही तपासणी अधिकाऱ्याच्या प्रश्नाने आम्ही इतके निरुत्तर झालो नव्हतो.

वास्तविक आम्हांस विकण्याचे कारणच काय होते? पेन्शन दरमहा जमा होत होती. घरखर्चास त्या आठ लाखांतील एक रुपयाही लागणार नव्हता. आमचे महालातील एक स्नेही खासगी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांना तर पेन्शनही नाही. पडझडीत त्यांचीही रक्कम आमच्याइतकीच आटली. परंतु तीन वर्षांचा घरखर्च त्यांनी आधीच मुदत ठेवीत आणि टपालखात्याच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत बाजूला ठेविला होता. भीती त्यांनाही वाटली. मात्र किराणा दुकानदाराचे बिल भागविण्यासाठी त्यांना युनिट विकावे लागले नाही.

काटोल-नरखेडकडील बागाईतदारांस हे समजावून सांगणे नको. घरात खर्चास पैसा नसला म्हणजे आंबिया बहार झाडावर कच्चा असतानाच व्यापाऱ्याच्या हवाली करावा लागतो, आणि भाव तोच ठरवितो. घरात दाणापाणी असलेला मनुष्य फळ पिकेपर्यंत थांबू शकतो.

तथापि थांबले की सर्व काही परत येते, असा कोणी भरवसा देईल तर तोही मानू नये. शंभराचे बासष्ट झाले की पुन्हा शंभर होण्यास शेकडा अडतीस नव्हे, सुमारे एकसष्टांची वाढ लागते. 2020 ची पडझड आठ महिन्यांत भरून निघाली. परंतु जानेवारी 2008 मध्ये 21,000 च्या घरात असलेला सेन्सेक्स मार्च 2009 मध्ये 8,200 च्याही खाली गेला होता आणि पूर्वीच्या पातळीवर येण्यास 2010 ची दिवाळी उजाडली. जपानची कथा तर याहून दारुण आहे. तेथील निक्केई निर्देशांकाने डिसेंबर 1989 मध्ये गाठलेली उंची ओलांडण्यास फेब्रुवारी 2024 उजाडावा लागला. साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्याने चौतीस वर्षे वाट कशी पाहावी? म्हणून येत्या पाच वर्षांत लागणारा पैसा, म्हणजे घरखर्च, औषधपाणी, मुलीचे लग्न यांचा पैसा, बाजारात असू नये; आणि उरलेलाही सगळा तेथे नसावा, असे आमचे मत झाले आहे. ज्येष्ठ नागरिक योजनेची मर्यादा 2023 मध्ये 15 लाखांवरून 30 लाखांवर नेण्यात आली, हे पुष्कळांच्या कानी गेलेले नाही.

आमच्या आधीच्या पिढीतील कित्येक गुरुजींनी पुंजी 'युनिट 64' मध्ये ठेविली होती. सरकारी नाव पाहून ती त्यांना बँकेतील ठेवच वाटे; वस्तुतः त्यांतील बराच पैसा शेअरांत होता. जुलै 2001 मध्ये त्या युनिटांची खरेदी-विक्री एकाएकी थांबली, तेव्हा हा भेद उमगला. तेव्हा कागदावरील नाव वाचून स्वस्थ बसू नये. आतील पैसा कोठे जातो ते विचारावे. विचारण्यास लाज वाटते, हे आम्हांस ठाऊक आहे. आम्हांसही वाटली होती.

आता तरुण शिक्षकांकडे वळतो, कारण खरी काळजी त्यांची आहे. आमची चूक पेन्शनने पोटात घातली. 1 नोव्हेंबर 2005 नंतर जे राज्याच्या सेवेत लागले, त्यांना ती जुनी पेन्शन नाही. अंशदान योजनेत त्यांच्या पगारातून कापलेला पैसा काही अंशी बाजारातच वाढतो वा घटतो. मार्च 2023 च्या संपात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा त्याच चिंतेतून उठली होती. 2024 मध्ये शासनाने हमीच्या निवृत्तिवेतनाचा पर्याय मान्य केला. त्यातील अटी प्रत्येकाने आपल्या सेवाकाळाशी ताडून पाहाव्यात. सहकाऱ्याने सही केली म्हणून आपण करू नये.

येत्या रविवारी सकाळी आम्ही मंडळाच्या वाचनालयात बसणार आहोत. ज्यांना आपला हिशेब मांडून पाहावयाचा असेल त्यांनी पत्नीस समवेत घेऊन यावे. आमची जमाखर्चाची वही आम्ही आणू. 24 मार्च 2020 चे पान सौभाग्यवतीने त्यात खूण घालून ठेविले आहे.