जुना पलंग, नवा रंग

(मंडळाच्या श्रावणातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"घरातलं जुनं सामान तुम्ही स्वतः रंगवलंत, त्याबद्दल बोला," असं कार्यवाहांनी सांगितलं तेव्हा आम्ही दोघं जरा बिचकलोच. आम्ही ना सुतार, ना पेंटर. एक बँकेतून निवृत्त, एक शाळेतून. पण या कामात काय जमलं, काय फसलं आणि एक वस्तू आम्ही मुद्दाम का रंगवली नाही, हे सांगितलं तर कुणाच्या तरी उपयोगी पडेल, म्हणून उभे आहोत.

आमच्या झोपायच्या खोलीत चार जुन्या वस्तू होत्या. सागवानी पलंग, लोखंडी कपाट, सनमायकाचं ड्रॉवरचं टेबल आणि पाळणा. पलंग 1962 साली परभणीहून मीटरगेजच्या गाडीने काचीगुड्याला आला. 1956 पर्यंत परभणी आणि हैदराबाद एकाच राज्यात होती. पुढे राज्यं वेगळी झाली, पण आपली माणसं आणि त्यांचे पलंग इकडे येतच राहिले.

मुलगा म्हणाला, "जुमेरात बाजारात देऊन टाका, नवीन घेऊ." त्या पलंगावर आजही आमच्या आई झोपतात. वय शहाऐंशी. त्या म्हणाल्या, "मी गेल्यावर काय विकायचं ते विका." मग आम्ही रंगाचं काढलं, तर त्यावरही, "सागवानाला रंग फासता का रे?"

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. लाकूड चांगलं असेल, रेषा सुंदर असतील, तर पॉलिशच करावं. पण आमच्या पलंगाचे पाय आणि बाजूच्या पट्ट्या वेगवेगळ्या वेळी बदललेल्या, तीन तऱ्हेच्या लाकडाच्या. आम्ही आईंना भिंतीवरचं निर्मलचं चित्र दाखवलं. आपल्या नांदेडच्या शेजारचं हे निर्मल. तिथले कारागीर हलक्या पोनिकी लाकडाची खेळणी करतात, चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने जोड बुजवतात आणि मग रंग देतात. सावंतवाडीलाही लाकडावर रंगकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. रंग म्हणजे लाकडाचा अपमान नव्हे. आई विचार करून म्हणाल्या, "मग उशाकडची नक्षी तेवढी सोडा." तसंच केलं. उशाची फळी पॉलिशची, बाकी पलंग फिका पिस्ता.

आता काम कसं करायचं ते. आधी वस्तू उलटी करून पाय आणि मागची बाजू बघा. वाळवी किंवा पोकळ लाकूड निघालं तर रंगाआधी सुतार बोलवा. मग साबणाच्या पाण्याच्या फडक्याने तेलकटपणा काढा. डोक्याच्या तेलाचे डाग राहिले तर रंग तिथेच सुटतो. वाळल्यावर 120 नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासा. लाकूड उघडं करायचं नाही, फक्त चकाकी मोडायची. भेगांत लांबी भरा. इथला पेंटर तिला 'लप्पम' म्हणतो, म्हणून दुकानात दोन्ही शब्द लक्षात ठेवा. लांबी वाळली की 220 नंबरने घासा, धूळ पुसा आणि प्रायमर द्या. लाकडाला वुड प्रायमर, लोखंडाला गंज खरवडून रेड ऑक्साइड. त्यावर रंगाचे दोन पातळ हात. एक जाड हात दिला तर ओघळ येतात. दोन हातांत निदान एक रात्र जाऊ द्या. आणि वस्तू हाताला कोरडी लागली तरी रंग पक्का व्हायला आठवडा लागतो. आई तेवढे आठ दिवस हॉलमध्ये झोपल्या.

आमचं फसलं ते टेबल. सनमायका गुळगुळीत, छान दिसतंय, म्हणून न घासता, प्रायमर न देता थेट रंग दिला, तोही भर पावसाळ्यात. तीन दिवस चिकट राहिला आणि महिन्याभरात नखाने सालपट निघू लागलं. सगळं खरवडून दसऱ्यानंतर, कोरड्या हवेत, पुन्हा केलं. म्हणून आज कितीही उत्साह आला तरी बाप्पांचं विसर्जन होऊ द्या, पाऊस ओसरू द्या, मगच ब्रश हातात घ्या.

आता पाळण्याबद्दल. हिरवा चकचकीत पाळणा, मुलाच्या बारशाला 1988 साली रंगवलेला. नात येणार म्हणून तोच आधी घासायला घेतला होता. तेव्हा रंगाच्या दुकानातल्या एका वयस्कर गृहस्थांनी अडवलं. जुन्या तैलरंगात शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत 90 भागांपेक्षा जास्त नको, असा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर ती धूळ श्वासात जाते, जमिनीवर बसते, रांगणाऱ्या बाळाच्या हाताला आणि तोंडाला लागते. शिसं लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं आणि झालेली हानी भरून येत नाही. दात येणारं मूल तर पाळण्याचा कठडाच चावतं.

आम्ही दोघं त्या रात्री बराच वेळ गप्प बसलो होतो. मुलाला त्याच पाळण्यात झोपवलं होतं. पण तेव्हा माहीत नव्हतं, आता माहीत आहे. म्हणून आमची कळकळीची विनंती. जुन्या रंगाची वस्तू घरी कोरडी घासू नका, जाळू नका. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्या कामाला हातच लावू नका. लहान मुलांच्या वस्तूंबाबत आठवणींपेक्षा सावधपणा मोठा.

पाळणा आम्ही टाकला नाही. न घासता, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवला. आणि नात? ती दुपारी पणजीजवळ झोपते, पिस्ता रंगाच्या पलंगावर. परवा आई म्हणाल्या, "उशाकडची फळीही रंगवा हवी तर. पण पाऊस गेल्यावर."

गणपती बाप्पा मोरया!