लेकराच्या पोटात गाठ लागली तर

 

आज मी लहान मुलांच्या किडनीत होणाऱ्या एका गाठीबद्दल बोलणार आहे. ही कॅन्सरची गाठ असते. नाव ऐकूनच पोटात गोळा येतो, पण रेडिओ बंद करू नका. कारण लहान मुलांच्या ज्या कॅन्सरमध्ये बरं होण्याची आशा सगळ्यात जास्त आहे, त्यातला हा एक आहे. श्रीमंत देशांत शंभरातली नव्वदच्या आसपास मुलं बरी होतात. गरीब देशांत तेवढी होत नाहीत. ती का होत नाहीत आणि त्यात आपल्यासारख्या बायांच्या हातात काय आहे, हेच मला सांगायचं आहे.

या गाठीला विल्म्स ट्यूमर म्हणतात. माक्स विल्म्स नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९९ साली तिच्याबद्दल पुस्तक लिहिलं, म्हणून हे नाव. ही गाठ बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होते. बाळ पोटात असताना किडनी तयार होते, तेव्हाच्या काही कच्च्या पेशी तशाच राहून जातात आणि पुढे वाढायला लागतात. म्हणजे ग्रहण पाहिलं म्हणून, पपई खाल्ली म्हणून किंवा कुणाची नजर लागली म्हणून ही गाठ होत नाही. तिच्यात आईचा दोष नसतो. आणि हा आजार लागट नाही, त्या लेकराबरोबर दुसरी मुलं खुशाल खेळू शकतात.

ही गाठ पहिल्यांदा कुणाला कळते, माहिती आहे? बहुतेक वेळा आईला किंवा आजीला. अंघोळ घालताना, तेल लावताना, कपडे बदलताना पोटाच्या एका बाजूला काहीतरी घट्ट हाताला लागतं. ते बऱ्याचदा दुखत नाही. लेकरू खेळत असतं, म्हणून आपण म्हणतो, जंत झाले असतील, पोट वाढलं असेल. काही मुलांना लघवीतून रक्त जातं, अधूनमधून ताप येतो, भूक मंदावते, हातपाय बारीक होतात आणि पोट मात्र मोठं दिसतं.

इथं अंगणवाडी ताईंनी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. गाठीचंही वजन असतं. त्यामुळे काट्यावर वजन बरं दिसतं आणि लेकरू आतून खंगलेलं असतं. अशा वेळी दंडाची पट्टी खरं सांगते. दंड बारीक आणि पोट मोठं, असं दिसलं तर नुसता आहार वाढवून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता काय करायचं नाही ते सांगते. पोटात गाठ लागली की ते पोट चोळायचं नाही. घरात येईल त्या प्रत्येकानं ती दाबून बघायची नाही. गाठीवर पातळ आवरण असतं, ते फुटलं तर आजार पोटात पसरतो आणि उपचार अवघड होतात. काही भागांत पोटावर तापलेल्या विळ्यानं डागतात, मेळघाटात त्याला डंबा म्हणतात. त्यानं गाठ जात नाही. लेकराला जखम होते आणि दिवस वाया जातात. या गाठीत दिवसांना फार किंमत आहे.

मग करायचं काय? त्याच आठवड्यात ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठायचं आणि पोटाची सोनोग्राफी करायची. शाळा आणि अंगणवाडीत मुलं तपासायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्यांनाही दाखवता येतं, पण पथक येईपर्यंत वाट बघत बसायचं नाही. सोनोग्राफीत किडनीची गाठ दिसली, की लहान मुलांच्या कॅन्सरचे उपचार जिथं होतात तिथंच जायचं. तालुक्याला घाईघाईनं ऑपरेशन उरकून घ्यायचं नाही.

उपचारांची वाट साधारण अशी असते. बऱ्याच ठिकाणी आधी चार-सहा आठवडे केमोची इंजेक्शनं देतात. ही औषधं जुनी आहेत, डॉक्टरांच्या ओळखीची आहेत. त्यांनी गाठ आक्रसते आणि ऑपरेशन सोपं होतं. मग ऑपरेशन करून ती किडनी काढतात. काढलेली गाठ तपासून पुढची केमो किती द्यायची ते ठरवतात. काहींना किरणांचे उपचारही लागतात. कुणाचं दोन-तीन महिन्यांत आटपतं, कुणाला सात-आठ महिने लागतात. दुसरी किडनी चांगली असेल तर एका किडनीवर माणूस आयुष्यभर नीट जगतो. क्वचित दोन्ही किडन्यांत गाठ असते, तेव्हा डॉक्टर वेगळा विचार करतात.

तुम्ही म्हणाल, हे सगळं मोठ्या शहरात, मोठ्या मशिनी असतील तिथंच होणार. म्हणून तुम्हाला आफ्रिकेतल्या मलावी देशाचं सांगते. हा जगातल्या फार गरीब देशांपैकी एक. तिथं ब्लँटायर शहरात क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटल हे सरकारी रुग्णालय आहे. तिथं येणाऱ्या मुलांच्या गाठी खूप मोठ्या झालेल्या असायच्या आणि बरीच मुलं कुपोषित असायची. तिथल्या डॉक्टरांनी हाताशी होतं त्यातून मार्ग काढला. गाठ सोनोग्राफीत बघायची, छातीचा एक्स-रे काढायचा. मूल किती खंगलंय ते वजनावर नाही, दंडाच्या घेरावर ठरवायचं. त्यांना असंही दिसलं की कुपोषित मुलांच्या अंगातून केमोचं औषध लवकर बाहेर पडत नाही. म्हणून खूप अशक्त मुलांना डोस कमी करून द्यायचा आणि सोबत शेंगदाण्याचा पौष्टिक लगदा खायला घालायचा. शेंगदाणे तर आपल्याही घरात असतात, मैत्रिणींनो.

पण औषधाइतकीच मोठी अडचण दुसरीच होती. आईबाप उपचार अर्ध्यात सोडून घरी जायचे. पुढे २०१४ पासून मलावी, घाना, कॅमेरून अशा देशांतल्या रुग्णालयांनी मिळून एकसारखे उपचार सुरू केले आणि कुटुंबांच्या प्रवासखर्चाला आणि उपचारखर्चाला हातभार लावला. आधी शंभरातली २३ मुलं उपचार सोडून जात होती, ती १२ वर आली. आणि उपचार संपताना आजार उरलेला नाही अशी मुलं शंभरात ५२ होती, ती ६८ झाली. यासाठी कुणी नवं औषध शोधून काढलं नव्हतं. आहे ते औषध पुरतं दिलं आणि लेकरू शेवटपर्यंत दवाखान्यात येत राहील असं बघितलं.

उपचार अर्ध्यात का सुटतात, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. आमच्याच भागातल्या एका गटातल्या ताईंच्या तीन वर्षांच्या मुलीला ही गाठ झाली. चार आठवडे इंजेक्शनं घेतली, पोट खाली गेलं, पोरगी हसायला-खेळायला लागली. घरी सोयाबीन काढणीला आलेलं. सासरे म्हणाले, “आता बरी दिसतीय की, कशाला कापायचं तिला? आणि पोटावर एवढा व्रण घेऊन उद्या तिला कोण करून घेणार?” नवऱ्याची मजुरी बुडत होती, घरी दुसरं लेकरू आजीच्या गळ्यात पडलेलं.

गटाच्या बैठकीत विषय निघाला. एक मावशी स्पष्टच म्हणाल्या, “आधीचं कर्ज फिटलेलं नाही. आणखी पैसे दिले आणि बुडाले तर?” मावशींचं म्हणणं काही खोटं नव्हतं. गटातला पैसा सगळ्यांच्या घामाचा असतो. मग ठरलं असं, की गटातून नवं कर्ज द्यायचं नाही. ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून बिनव्याजी प्रवासखर्च द्यायचा आणि परतफेड उपचार संपल्यावर सुरू करायची. आधीचे हप्ते तेवढे महिने पुढे ढकलायचे, आणि तसा ठराव लिहून सह्या करायच्या. सोयाबीन बायांनी सावडीनं काढून दिलं. धाकटं लेकरू शेजारच्या ताईंनी सांभाळलं. आणि त्या शंका काढणाऱ्या मावशीच सासऱ्यांशी बोलायला गेल्या. म्हणाल्या, “दादा, तण वरून कापलं आणि मूळ तसंच ठेवलं, तर पुढच्या पावसात काय होतं?” ते शेतकरी माणूस, त्यांना लगेच पटलं. मुलीचं ऑपरेशन झालं, पुढची केमोही पूर्ण झाली. आता ती अंगणवाडीत जाते, ठरल्या वेळी तपासणीला जाते.

मुलीचा विषय निघाला म्हणून जरा कडू बोलते. ही गाठ मुलगा-मुलगी दोघांना साधारण सारखीच होते. पण आपल्या देशात कॅन्सरच्या रुग्णालयांत मुलगे जास्त येतात, मुली कमी. मग त्या बाकीच्या मुली कुठं जातात? त्या घरीच राहतात. मैत्रिणींनो, पोटावरच्या व्रणाची काळजी करायला आधी लेक जगली पाहिजे.

आता आपल्याकडच्या सोयी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं आणि केमो आहे. रेशनकार्ड, आईबापाचं आधार आणि लेकराचं आधार किंवा जन्मदाखला घेऊन योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटायचं. मुंबईच्या टाटा रुग्णालयात लहान मुलांच्या कॅन्सरचा वेगळा विभाग आहे. तिथं समाजसेवा विभागात जाऊन अडचण सांगायला लाजायचं नाही. मुंबईत राहण्यासाठी दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे. सेंट ज्यूड नावाची संस्था उपचार घेणाऱ्या बाहेरगावच्या मुलांना आईबापासह मोफत ठेवते, त्यासाठी रुग्णालयाकडून नाव जावं लागतं. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला सवलत मिळते, त्याचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यायचा.

केमो चालू असताना एक नियम पाठ करा. लेकराला ताप आला तर घरची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्र असली तरी दवाखान्यात न्यायचं. या औषधांनी अंगातली ताकद कमी होते आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. पाणी उकळून गार केलेलं द्यायचं, शिळं द्यायचं नाही, उघड्यावरचं द्यायचं नाही. केस गळतात, पण ते पुन्हा येतात.

शेवटी गटांसाठी काम सांगते. येत्या बैठकीत वसुली झाली की दहा मिनिटं हा विषय घ्या. पाच वर्षांखालचं लेकरू ज्या घरात आहे, त्या प्रत्येक बाईला गाठीची लक्षणं सांगा. गावात असं लेकरू असेल तर एका ताईनं त्याच्या तारखांची वही ठेवायची. केमोची तारीख कोणती, गाडी कोणती, सोबत कोण जाणार, मागं घर कोण बघणार, हे सगळं त्या वहीत लिहायचं. तारीख चुकली तर त्याच संध्याकाळी त्या घरी जायचं. रागवायला नाही, काय अडलंय ते विचारायला.

हप्ता चुकला की आपण लगेच घरी जातो ना? मग लेकराची तारीख चुकली तर त्याच्या आधी जायला हवं.