पाण्यावर अनवाणी

खारघरहून सायन-पनवेल महामार्गाला लागलात की गाडीचा काटा ताशी साठाच्या आसपास जातो. तेवढ्याच वेगाने धावणाऱ्या मोटरबोटीला दोर बांधून, पायात काहीही न घालता पाण्यावर उभं राहायचं. या खेळाचं नाव बेअरफूट वॉटर स्कीइंग. १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या विंटर हेवन इथे तो सुरू झाला.

पायाखाली स्कीच्या फळ्या नाहीत, मग माणूस बुडत कसा नाही? वेगामुळे! तळवा लहान, म्हणून वेग जास्त हवा. सत्तर किलोच्या माणसाला साधारण ताशी ५७ किलोमीटर. वजन वाढलं की वेगही वाढवायचा.

शिकताना मात्र दोर नंतर. आधी बोटीच्या बाजूला काढलेला आडवा दांडा धरायचा, पाण्यावर चक्क बसायचं आणि मग टाचा हळूच टेकवायच्या. गुडघे वाकलेले, पायाची बोटं वर. बोटं खाली गेली की तोंडावर आपटलातच!

स्पर्धेत तीन प्रकार: बोटीमागच्या लाटा ओलांडणं, कसरती आणि तिरक्या फळीवरून लांब उडी. पहिली जागतिक स्पर्धा १९७८मध्ये ऑस्ट्रेलियात, कॅनबेरात झाली.

या खेळासाठी पाणी आरशासारखं संथ लागतं. भरती-ओहोटीच्या आपल्या खाडीत हा प्रयोग करू नका.