पॅरिसचे ओर्से : रेल्वे स्थानकाचे संग्रहालय होताना

जुन्या रेल्वे इमारतींना सांस्कृतिक उपयोगाने नवे आयुष्य देण्याचा विषय निघाला की पॅरिसमधील ओर्से संग्रहालयाचा दाखला हमखास दिला जातो. परंतु त्या दाखल्यात संग्रहालयाचेच गुणगान होते आणि मूळ स्थानक निकामी का झाले, हा अधिक बोधप्रद प्रश्न मागे पडतो.

१९०० सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी येणाऱ्या प्रवाशांना थेट शहराच्या मध्यभागी उतरता यावे म्हणून पॅरिस–ओर्लेआँ रेल्वे कंपनीने सेन नदीच्या डाव्या तीरावर, १८७१ मधील कम्यूनच्या उठावात जळालेल्या ओर्से राजवाड्याच्या जागी, हे स्थानक उभारले. पलीकडच्या तीरावर त्युइलरी उद्यान आणि लूव्र, अलीकडे उमरावांच्या जुन्या हवेल्या, अशा परिसरात उघडा लोखंडी सांगाडा दाखविण्याची कंपनीची छाती झाली नाही. व्हिक्टर लालू या वास्तुकाराने त्या सांगाड्यावर कोरीव दगडाचा दर्शनी भाग चढविला, नदीच्या बाजूला प्रचंड घड्याळे बसविली आणि त्याच इमारतीत एक आलिशान हॉटेलही सामावून घेतले. या बांधकामात सुमारे १२,००० टन धातू वापरला गेला, म्हणजे आयफेल मनोऱ्यापेक्षाही अधिक. तरीही नदीकाठच्या रस्त्यावरून पाहणाऱ्यास त्याचा फारसा सुगावा लागत नाही. स्थानक कसले, हा तर ललितकलांचा प्रासादच दिसतो, अशा आशयाचे उद्गार चित्रकार एदुआर देताय यांनी १९०० सालीच काढले होते, आणि ते पुढे शब्दशः खरे ठरले.

एवढी नाजूक सजावट शक्य झाली ती विजेमुळे. वाफेच्या इंजिनांचा धूर आणि काजळी बाहेर जाण्यासाठी जुन्या स्थानकांची छपरे उंच व उघडी ठेवावी लागत, आणि आतली कोणतीही रंगरंगोटी फार काळ टिकत नसे. ओर्से येथे मात्र गाड्या विजेच्या इंजिनांनी आणल्या जात, सोळा रूळ जमिनीच्या पातळीखाली घातलेले होते, आणि प्रवाशांसाठी व सामानासाठी लिफ्टची सोय होती. सँ-लाझार स्थानकात कोंडलेल्या वाफेचे क्लोद मोने यांनी १८७७ साली केलेले प्रसिद्ध चित्र आज याच इमारतीत टांगलेले आहे, म्हणजे ज्या स्थानकाचा सारा थाट धूर नसण्यावर उभा होता, तेथेच आता धुराचे सर्वांत देखणे चित्र पाहावयास मिळते.

विजेने जे दिले ते विजेनेच हिरावून नेले. विद्युतीकरण लांब पल्ल्याच्या मार्गांवर पसरले, तशा गाड्यांची लांबी वाढत गेली आणि ओर्सेचे आखूड फलाट अपुरे पडू लागले. नदी आणि दाट वस्ती यांच्यामध्ये अडकलेल्या जागेत ते वाढविणेही शक्य नव्हते. १९३९ नंतर येथे केवळ उपनगरी गाड्या उरल्या. त्यानंतरची चार दशके ही इमारत पडेल ते काम करीत राहिली. महायुद्धात येथून युद्धकैद्यांना पार्सले रवाना झाली, युद्ध संपल्यावर सुटून आलेल्या कैद्यांचे स्वागत झाले, १९६२ साली ऑर्सन वेल्स यांच्या ‘द ट्रायल’ या चित्रपटाचे चित्रीकरण झाले, आणि पुढे एका नाटक मंडळीने व लिलावगृहानेही येथे आसरा घेतला.

मधल्या काळात इमारत पाडून तेथे मोठे आधुनिक हॉटेल बांधण्याचा घाट घातला गेला. चंदीगडमुळे भारतीयांना परिचित असलेल्या ल कॉर्बुझिए यांनीही या जागेसाठी एक आराखडा केला होता. ही पाडापाडी टळली याचे श्रेय मुख्यतः दुसऱ्या एका विध्वंसाला जाते. ‘ले आल’ या मध्यवर्ती बाजाराचे एकोणिसाव्या शतकातील लोखंडी मंडप १९७१ पासून पाडले गेले, त्यावरून पॅरिसमध्ये मोठा क्षोभ उसळला, आणि तोवर कुरूप समजल्या जाणाऱ्या त्या शतकाच्या स्थापत्याकडे पाहण्याची दृष्टी पालटली. १९७३ साली ओर्सेला संरक्षित वास्तूंच्या पूरक सूचीत स्थान मिळाले, १९७७ साली संग्रहालयाचा निर्णय झाला आणि डिसेंबर १९८६ मध्ये ते खुले झाले. १८४८ ते १९१४ हा संग्रहाचा कालखंड ठरला, त्यामुळे इमारत स्वतःच संग्रहातील सर्वांत मोठी वस्तू झाली.

रूपांतराच्या आराखड्याची स्पर्धा ‘आक्ट’ या वास्तुकारांच्या गटाने जिंकली आणि अंतर्भागाची रचना इटलीच्या गाए आउलेंती यांच्याकडे आली. रूळ आणि फलाट जेथे होते तेथे शिल्पांचा लांबलचक मध्यमार्ग आला, त्याच्या दोन्ही बाजूंना फिकट दगडाची दालने उभी राहिली, आणि दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांना, म्हणजे बदलत्या प्रकाशाचा क्षणिक ठसा रंगवू पाहणाऱ्या मोने-रन्वार प्रभृतींना, छपरालगतचा मजला मिळाला, जेथे वरून नैसर्गिक प्रकाश घेता येतो. आउलेंती यांच्या जड दगडी भिंती इजिप्तमधील थडग्यांसारख्या दिसतात, अशी टीका तेव्हा झाली आणि ती अगदीच अनाठायी नव्हती, कारण लालू यांनी लोखंड बाहेरून झाकले तर आउलेंती यांनी स्थानकाचा तळ आतून झाकला. मात्र छताची भव्य कमान आणि सोनेरी घड्याळ त्यांनी मोकळे सोडले, हे त्यांच्या कामाचे खरे मोल होय. शिल्पांना त्या उंचीचा लाभ झाला, लहान चित्रे मात्र कडेच्या दालनांत काहीशी दबली.

इमारतीच्या बाजूने, जमिनीखालून, उपनगरी गाड्या आजही धावतात आणि तेथील थांब्याला संग्रहालयाचेच नाव आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या संदर्भात ओर्सेचे नाव घेताना हा इतिहास लक्षात ठेवावा लागतो. ओर्सेला संग्रहालय लाभले ते लांब पल्ल्याच्या गाड्या निघून गेल्यावर आणि इमारत वर्षानुवर्षे पडेल त्या कामाला जुंपली गेल्यावर. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी उभारलेली आणि २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेली मुंबईची वास्तू मात्र आजही लाखो प्रवाशांची रोजची वाट आहे. तिच्या एखाद्या भागात वारसा-दालन जरूर असावे, परंतु तिचे संग्रहालय करण्यासाठी ओर्सेचा आधार घेता येत नाही.